टॉवरवरचे सगळेच नंबर कशासाठी?

आषाढी वारीत एखादे म्हातारे माणूस चुकले, तर त्याच्या मोबाइलचे लोकेशन पोलिसांना तातडीने मिळालेच पाहिजे. पण सोलापुरात सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत मंगळसूत्र चोरीला गेले म्हणून होम मैदानाजवळच्या मोबाइल टॉवरवर त्या वेळी नोंदले गेलेले सगळे नंबर पोलिसांनी मागवले, तर चोराबरोबर नंदीध्वजांच्या दर्शनाला आलेल्या हजारो बायाबापड्यांचा ठावठिकाणाही फाइलमध्ये जातो. त्यांचा काय संबंध? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. जुलै २०२४ मध्ये तर जामिनावरील आरोपीलाही गुगल मॅपवरून सतत ठिकाण कळवण्याची अट घालता येणार नाही, असे बजावले. मग निर्दोष माणसाला त्याहून कमी संरक्षण का? अशा सरसकट मागणीसाठी न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी सक्तीची करावी आणि तपासाशी संबंध नसलेले नंबर ठरावीक मुदतीत नष्ट करावेत.

– एक वाचक, जुळे सोलापूर