सानिकास, कंदीलपुष्पाच्या नोंदींबद्दल

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

कंदीलपुष्प या रानफुलावरची तुझी पोस्ट वाचायला बसलो आणि चार ओळी होतात न होतात तोच पडदा आडवा आला: लॉग इन करा. माझं खातं नाही आणि उघडायचंही नाही. शेवटी आईच्या फोनवर वाचली. फर्मास लिहिलंयस. माशी फुलाच्या नळीत उतरते, आतल्या केसांमुळे कोंडून राहते आणि केस सुकले की परागपुंज घेऊन सुटते, हे शाळेतल्या पोरालाही कळेल इतकं नेटकं झालंय. तुमच्या त्या ॲपचं तरी दुसरं काय आहे? फक्त तिथले केस सुकत नाहीत.

तिथलं बंद कर असं मी म्हणत नाही. तुझे मित्रमैत्रिणी तिथेच आहेत. पण लेख आधी स्वतःच्या साइटवर टाक आणि तिकडे नुसता दुवा दे. उलटं नको.

हा आग्रह कशापायी, ते तुला आपल्या छापखान्यातल्या जुन्या सीडी बघितल्यास तर लगेच कळेल. नव्वदच्या दशकातल्या देवनागरी फॉन्टांमध्ये प्रत्येक कंपनीची अक्षरांची जागा वेगळी. रोमन अक्षरांच्या खुर्च्यांवर आपली अक्षरं बसवलेली. त्यामुळे तेव्हाची एखादी लग्नपत्रिका आज नव्या संगणकावर उघडली, की ‘चि. सौ. कां.’च्या जागी कंस, डॉलर आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मजकूर आपला, पण तो वाचायची सोय दुसऱ्याच्या हातात. कित्येक शाळांच्या स्मरणिका, गावचे गौरवग्रंथ असे फाइलीतच मुके झालेत. मग आलं युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. त्याची पहिली आवृत्ती १९९१ सालची, तीत देवनागरी होती. ‘क’ला ०९१५ हा क्रमांक मिळाला तो कायमचा, मग फॉन्ट कुणाचाही असो. आमच्या धंद्यात ते रुळायला बराच काळ गेला, पण रुळल्यावर पुन्हा कुणी मागे गेलं नाही.

वेबचंही असंच. जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-लीनं ते उभं केलं आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं त्याचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं केलं. ना परवाना, ना रॉयल्टी. म्हणून तर तू सांगलीत बसून एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेत एक साधी फाइल लिहिलीस, तर ती कोणत्याही ब्राउझरला वाचता येते. उद्या साइटला जागा देणाऱ्या होस्टिंगवाल्यानं दर वाढवले तर फोल्डर उचलायचं आणि दुसरीकडे न्यायचं, पत्ता तोच. गुगलचं ऑर्कुट, तेव्हाचं फेसबुकसारखं संकेतस्थळ, ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं तेव्हा तिथल्यांना पत्ता घेऊन निघता आलं नाही. याउलट वेबवरचं आरएसएस बघ. साइटवर नवा लेख आला की वाचकाला आपोआप कळवणारी ही यादी, तिलाच फीड म्हणतात. गुगलनं अशा फीड वाचायचं आपलं रीडर २०१३मध्ये गुंडाळलं, तरी आरएसएस चालूच राहिलं, कारण ते कुणा एकाच्या मालकीचं नव्हतंच. तुझ्या साइटला फीड ठेव. मी त्यावरूनच वाचणार.

आता दुसरी गोष्ट, आणि ही जास्त महत्त्वाची. आईला तू फुलाचा मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला होतास, दर्जा उतरू नये म्हणून. तो संगणकावर घेऊन मी त्याचे तपशील उघडले. फोनचं मॉडेल, तारीख, वेळ आणि त्याखाली अक्षांश-रेखांश. ते नकाशात टाकले तर खूण थेट कड्याच्या कडेला! पोस्टमध्ये तू जाणून-बुजून जागेचं नाव लिहिलं नव्हतंस, पण फोटोनं ते सांगून टाकलं. या झाडाचे कंद उकरून नेणारे कसे टपलेले असतात, हे मी तुला सांगायला नको. स्वतःच्या साइटवर फोटो जसा चढवशील तसाच राहतो, मधे कुणी त्यातले हे तपशील पुसत नाही. तेव्हा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद कर आणि जुन्या फोटोंमधले हे तपशील पुसून मगच ते चढव. खोलीच्या खिडकीतून काढलेल्या फोटोंनाही हेच लागू.

वाचक किती आले हे बघण्याचा मोह होईल. त्यासाठी फुकट मिळणारे कोडचे तुकडे असतात. ते लावू नकोस. ते तुला आकडा देतात आणि तुझ्या वाचकाचा माग तिसऱ्याच कंपनीला. आमच्या छापखान्यात अंक किती खपले हे विक्रेता सांगायचा, पण कोण कुठल्या पानावर किती वेळ रेंगाळला हे कुणी विचारत नव्हतं, आणि अंक काही त्यामुळे वाईट निघाले नाहीत. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ला एकमतानं सांगितलं. त्यानंतर डेटा संरक्षणाचा कायदा यायला २०२३ उजाडलं आणि त्याचे नियम यायला २०२५चा नोव्हेंबर. एवढी वाट बघण्यापेक्षा गोळाच न करणं सोपं. तुला वाचकाचं नावगाव हवंय कशाला?

डोमेन, म्हणजे साइटचं नाव, घेताना नोंदणी तुझ्याच नावानं कर, आणि कॉलेजच्या मेलवर करू नकोस. पदवी झाली की तो मेल बंद, मग नूतनीकरणाची सूचना तुला येणारच नाही आणि नाव दुसरा कुणी उचलेल. टू-स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय, चालू ठेव. साइटवर फोन नंबर नको, वेगळा मेल पुरे. सगळ्या लेखांची एक प्रत पेनड्राइव्हवर घरी ठेव, मी कपाटात सांभाळतो.

नाव मात्र सोप्या स्पेलिंगचं निवड. ‘कंदीलपुष्प’ रोमनमध्ये लिहायला दहा जणांना दिलंस तर दहा तऱ्हा होतील, आणि फोनवर मामाला सांगताना तुझा जीव जाईल. दोन-तीन नावं सुचली की कळव. पहिल्या वर्षाचे पैसे मी भरतो.

तुझे,
बाबा