सुहासची नोकरी का गेली

चाकण,
8 नोव्हेंबर 2020

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "तुझी नोकरी टिकली, मग त्याचीच कशी गेली?" सुहास तेव्हा पडवीतच होता, त्याने ऐकलं असणार. मला ते फार लागलं. फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

माझी टिकली ती मी जास्त मेहनती म्हणून नाही. कारखान्यातल्या ठेकेदाराकडच्या पोरांचं मस्टर, म्हणजे हजेरीपट, दर महिन्याला माझ्याकडे येतं. एरवी नावांनी पानंच्या पानं भरलेली असतात, लॉकडाऊनमुळे एप्रिलचं एका पानात संपलं. लातूर, जालना, बिहारची पोरं. कधी खाडा न करणारी, ओव्हरटाइमला नाही न म्हणणारीही त्यात होती. पुढे दुचाक्या आणि ट्रॅक्टर खपू लागले, कंपन्यांच्या ऑर्डरी आल्या आणि त्यातली बरीच नावं मस्टरवर परत आली. माणसं तीच होती, कारखाना तेवढा सुरू झाला.

सुहास गोव्यात हॉटेलच्या स्वयंपाकघरात, त्यामुळे त्याचा कारखाना म्हणजे गोव्याला येणारा पाहुणा. तिथल्या खाणी 2018 पासून बंदच आहेत, त्यामुळे आपल्याकडच्या पोरांना हॉटेलांचाच मोठा आधार होता. मार्चमध्ये तोही तुटला. गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका कितीतरी महिने बंद होता. आता हॉटेलं उघडली, पण ऑक्टोबर उलटला तरी रशियाची चार्टर विमानं आलेली नाहीत. पाहुणाच नाही तर तंदूरवर माणूस कोण ठेवणार?

सगळ्या देशात हेच झालं. सीएमआयई ही संस्था दर महिन्याला बेकारीची पाहणी करते. एप्रिलमध्ये देशाचा आकडा 23.5 टक्के होता, पण पुदुच्चेरीत 75.8, तमिळनाडूत 49.8, आपल्या महाराष्ट्रात 20.9 आणि पंजाबात फक्त 2.9. पंजाबात तेव्हा गव्हाची कापणी चालू होती, शेत काही लॉकडाऊनसाठी थांबत नाही. म्हणून तमिळनाडूतला निम्मा कामकरी माणूस आळशी म्हणायचा का?

आता देशाचा आकडा सात टक्क्यांच्या आसपास आलाय, टीव्हीवर तुम्ही तोच ऐकला असेल. पण जो काम शोधायचं सोडून घरी बसला, तो त्या आकड्यात धरतच नाहीत. आणि सुहाससारखा हाताला येईल ते करणारा कामावर असलेल्यांत मोजला जातो. तो चिरेखाणीवर ट्रक भरायला जातो ना? आईने व्हिडिओ कॉलवर त्याचे हात दाखवले. बोटांची टोकं सोलून निघालीत. चार वर्षं ज्या हातांनी स्वयंपाक केला ते हात आहेत हे. आळशी पोराचे हात असे नसतात, बाबा.

दिवाळीला आत्या-काका येतील, विचारतील. "हॉटेल बंद झालं, सुरू झालं की जाईल," एवढंच सांगा. आणि ते त्याच्यासमोर सांगा.

आता कामाचं. त्याच्या पगारातून ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विम्याचा हप्ता, कापला जायचा. 24 मार्चपासून 31 डिसेंबरपर्यंत ज्यांचं काम गेलं त्यांना अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून सरासरी पगाराच्या निम्मे पैसे मिळतात, जास्तीत जास्त 90 दिवसांचे. विम्याला दोन वर्षं झालेली असावी लागतात, त्याची झालीत. मालकाच्या सहीसाठी अडायचं कारण नाही, अर्ज थेट ईएसआयच्या कार्यालयात करता येतो. मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "राहू दे गं, फुकटचे पैसे कशाला?" फुकटचे कसले, दर महिन्याला त्याच्याच पगारातून हप्ता गेलाय.

आई, त्याच्या बॅगेत ईएसआयचं कार्ड आणि पगाराच्या स्लिपा असतील, बघ. आधार आणि पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मला व्हॉट्सअॅपवर पाठव, फॉर्म मी इथून भरते. प्रतिज्ञापत्र मात्र सावंतवाडीला जाऊन करावं लागेल. बाबा, त्याच्याबरोबर तुम्ही जा. एकटा तो जाणार नाही.

तुमची,
मेघा