उंची नेमकी कुठे वाढते, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पिकअप गाडी उंच करण्यावर पानभर मजकूर आला होता. फोटो झकास. चार इंची लिफ्ट किट बसवा, ३३ इंची टायर टाका आणि दगडधोंड्यांची चिंता विसरा, असं त्यात म्हटलंय. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहितोय. तीन वर्षांपूर्वी एका गॅरेजवाल्यानं मला हेच ऐकवलं होतं आणि मी ते मानलंही होतं. पण ज्या दगडाची चिंता विसरायची होती, तो त्यानंतरही गाडीला त्याच जागी लागत राहिला.

मी राजापूर तालुक्यातला आंबा बागायतदार. बाग सड्यावर आहे. डांबर सुटलं की दीड किलोमीटर जांभ्याची वाट, मध्ये वहाळ, म्हणजे ओढा. वहाळ ओलांडून चढ लागतो तिथे दोन गडग्यांच्या, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणांच्या, मधोमध कातळाचा एक उंचवटा होता. दोन्ही बाजूंना वर्षानुवर्षांच्या चाकोऱ्या खोल गेलेल्या, त्यामुळे मधला कातळ दरवर्षी थोडा थोडा वर आल्यासारखा वाटायचा. माझी गाडी इसुझु व्ही-क्रॉस, फोर व्हील ड्राइव्ह, जुनी घेतलेली. एप्रिल-मेमध्ये तिच्यात आंब्याच्या पेट्या असतात. उरलेले दहा महिने मी, खताची दोन-चार पोती आणि राजापुरात दवाखान्याला जायचं असलं की आई.

पेट्या भरल्या की त्या चढावर मागून 'खर्रर्र' असा आवाज यायचा. मागच्या धुऱ्याच्या मध्यावर डिफरन्शियलचा, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणाऱ्या गिअरचा, जो लोखंडी गोळा असतो, तो कातळाला घासायचा. गॅरेजमध्ये दाखवलं तर उत्तर तयार होतं, 'दोन इंच लिफ्ट करू, विषयच संपला.' पुढे उंच स्प्रिंगा, मागे जाड पाट्यांचा, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचा, नवा संच, चार नवे शॉक अॅब्सॉर्बर. मजुरी धरून लाखाच्या वर गेलं. गाडी बाहेर आली तेव्हा खरंच रुबाबदार दिसत होती, खोटं कशाला बोलू! त्याच संध्याकाळी बागेत गेलो. चढावर पुन्हा तोच आवाज, त्याच जागी.

मग गवंड्याकडची टेप आणली, गाडीखाली आडवा झालो आणि मोजलं. जमिनीपासून चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, दोन इंच वर गेली होती. गोळ्याखालची जागा मात्र होती तेवढीच, एक सूतही वाढली नव्हती. शांतपणे विचार केला तर यात नवल काहीच नाही. पाटे धुऱ्यावर बसतात आणि चॅसी पाट्यांवर. पाटे उंच केले की त्यांच्यावरचं सगळं वर जातं. धुरा चाकांच्या मधोमधच असतो, त्याला वर उचलणारं अशा गाडीत एकच साधन आहे, ते म्हणजे टायर. तेही वाढलेल्या व्यासाच्या निम्मंच उचलतं. या गाडीचा पुढचा डिफरन्शियल चॅसीला टांगलेला आहे, तो लिफ्टनं वर जातो हे कबूल. पोट वर येतं, पुढची हनुवटी वर येते, वहाळातून चढताना नाक घासत नाही, हा फायदा खरा आहे. पण अडचण मागच्या गोळ्याची असेल तर लिफ्टचा पैसा वहाळात. आपल्या लेखात हा फरक एका ओळीतही आला नाही.

टेपवर न थांबता मी पुढची चूक केली आणि टायर वाढवले. टायरवरचं माप वाचायला कोणी शिकवत नाही म्हणून इथे लिहितो. कंपनीचा टायर २५५/६० आर १८. म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के म्हणजे १५३, आणि रिम १८ इंचांची म्हणजे ४५७ मिलिमीटर. बाजू वर एक आणि खाली एक धरायची, तेव्हा एकूण व्यास ७६३. मी टाकले २६५/७० आर १७, रिमसकट. हाच हिशोब केला की ८०३ येतात. वाढ चाळीस मिलिमीटर, गोळ्याखाली वीस. वीस मिलिमीटर म्हणजे माझ्या हाताच्या अंगठ्याची रुंदी! आपल्या लेखातले ३३ इंची टायर, म्हणजे २८५/७० आर १७, साधारण ८३१ भरतात. त्यानंही गोळा ३४ मिलिमीटरच वर जाईल. मात्र ते आत बसवण्यासाठी मडगार्डच्या आतलं प्लास्टिक कापावं लागेल आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून रिव्हर्स घेतलं की टायर कुठे ना कुठे घासणारच. माझे लहान होते, तरी घासायचे.

त्यानंतर दोन पावसाळे मी जे भोगलं ते आपल्या तरुण वाचकांसाठी सांगतो.

पहिलं म्हणजे मीटर. टायर सव्वापाच टक्के मोठा झाला, त्यामुळे चाकाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी जास्त जाते आणि मीटर कमी दाखवतो. महामार्गाच्या किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहिलं, चाळीस दगड गेले तेव्हा मीटरवर अडतीस. गाडी डिझेल जास्त खाते म्हणून मी वर्षभर इंजिनाला शिव्या घातल्या. खात होतीच, पण मी समजत होतो तेवढी नव्हे. गिअरचंही तेच. अणुस्कुरा घाटात पेट्या घेऊन कोल्हापूरकडे चढताना जिथे पूर्वी तिसऱ्यात जायची तिथे दुसरा मागू लागली. उतरताना इंजिनाचा ब्रेक तेवढाच सैल, त्यामुळे पाय सारखा ब्रेकवर. टायर जड, त्यात ते नवे रिम. शेवटच्या वळणांवर जळका वास यायचा.

दुसरं पाट्यांचं. गॅरेजवाल्यानं विचारलं, 'माल भरता ना?' मी हो म्हटलं आणि त्यानं कायम तीनशे किलो अंगावर असणाऱ्या गाडीचे पाटे घातले. माझ्या गाडीवर माल दोनच महिने असतो. उरलेले दहा महिने ती रिकामी, आणि रिकाम्या गाडीत जाड पाटे म्हणजे नांगरलेल्या शेतातून धावणारा रेडा. आईचं वय अठ्ठ्याहत्तर. तिला चढायला देवघरातला पाट आणून खाली ठेवावा लागायचा. 'गाडीचे पाटे बदललेस, आता माझाही पाट घेऊन हिंड,' म्हणायची.

तिसरं दिव्यांचं. पुढचं नाक उचललं गेलं होतं आणि दिव्यांचा झोत खाली आणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. धुक्यात समोरचे लोक डीपर मारायचे आणि मी त्यांनाच उद्धट समजायचो.

चौथं मात्र माझ्या जिवावर बेतलं असतं. गाडीखालचा जादा टायर मी जुन्याच मापाचा राहू दिला होता, पैसे वाचवायला. जुलैत बागेच्या वाटेवर मागचा डावा टायर फुटला. पावसात कुडकुडत जादा टायर चढवला. आता मागच्या धुऱ्यावर एक चाक मोठं, एक छोटं. सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलला सतत वळणावर असल्यासारखं फिरत राहावं लागतं. अशा वेळी फोर व्हील ड्राइव्ह लावला तर पुढच्या-मागच्या धुऱ्यांची ओढाताण होऊन ताण गिअरवर येतो. म्हणून लावला नाही. त्याशिवाय शेवाळलेल्या कातळावर चढेना. अर्ध्या चढावर थांबली आणि हळूहळू मागे सरकू लागली. हात हँडब्रेकवर असायला हवा होता, तो दारावर होता. गडग्याला मागचा बंपर टेकला म्हणून थांबली. पलीकडे वहाळाला पूर आलेला. शेजारच्या वाडीतला ट्रॅक्टर येईपर्यंत तासभर मी त्या गडग्याकडे बघत उभा होतो. गडगा आजोबांनी रचलेला.

पुढच्या सर्व्हिसला चाक काढलं तर ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे पुढच्या चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या, रबरी बुटाला चीर आणि रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं. ज्या गाडीचं पुढचं चाक स्वतंत्र सस्पेन्शनवर असतं, तिथे गाडी उचलली की शाफ्ट तिरका होतो. दोन इंचांपर्यंत तो कसाबसा निभावतो. आपल्या लेखात चार इंच आहेत. तेवढं करायचं तर पुढचा डिफरन्शियलही खाली आणावा लागतो, म्हणजे जो फायदा मिळवायला निघालो त्यातलाच थोडा परत करायचा. शिवाय मागे स्वस्तात उंची हवी म्हणून लांब शॅकल, म्हणजे पाटे चॅसीला जोडणारी कडी, लावणारे भेटतील. चार इंच लांब शॅकल लावलं की उंची दोनच इंच मिळते आणि धुरा तिरका होतो तो वेगळाच.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकानं ठरवून दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मीही या बाबतीत धुतल्या तांदळासारखा नाही. पण वर्तमानपत्रानं पानभर कौतुक छापताना यावर चार ओळी लिहायला हरकत नव्हती. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते, हेही.

टायर निवडताना काय बघावं, एवढं जरी पुन्हा छापलंत तरी पुष्कळ. मापाच्या पुढे एक आकडा आणि अक्षर असतं, लोक तिकडे बघतच नाहीत. आकडा भाराचा. १०८ म्हणजे एका टायरवर १००० किलो, ११२ म्हणजे ११२०. पेट्या भरणाऱ्यानं कंपनीच्या टायरपेक्षा खालचा आकडा कधीही घेऊ नये, माप कितीही देखणं असो. अक्षर वेगाचं, एस म्हणजे ताशी १८०. नक्षी मड टेरेनची, म्हणजे खास चिखलासाठीची, घ्यावी की ऑल टेरेनची, म्हणजे सगळ्या वाटांसाठीची, यावर पोरं तासन्‌तास भांडतात. आमच्या लाल चिखलात मड टेरेनही थोड्या वेळानं भरून गुळगुळीत होतो आणि ओल्या डांबरावर ब्रेक मारताना त्याचे मोठे ठोकळे कामाला येत नाहीत. मला खरा उपयोग झाला तो हवा कमी केल्याचा. ३५ वरून २२ पीएसआयवर आणली की टायर पसरतो आणि कातळ धरतो. डांबर लागलं की पुन्हा भरायची, त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीत ठेवलाय. त्याची किंमत एका शॉक अॅब्सॉर्बरपेक्षाही कमी.

गेल्या दिवाळीनंतर सगळं उतरवलं. कंपनीच्या स्प्रिंगा आणि पाटे पडवीत कांबळ्याखाली होते, तेच परत चढवले. टायर कंपनीच्याच मापाचे, ऑल टेरेन, पाचही एकसारखे. कातळाचं काय, असं विचाराल. चिरेखाणीवरचा ओळखीचा एक माणूस पहार आणि टिकाव घेऊन आला, बसला, पाऊण तासात तो उंचवटा वीतभर खाली आणला. चहा, दोन भाकऱ्या आणि पाचशे रुपये. निघालेला चुरा त्यानं चाकोऱ्यांत भरला, म्हणजे चाकंही वर आली. जाताना म्हणाला, 'हे आधी सांगायचं होतंत की.'

किट आता पडवीत त्याच कांबळ्याखाली आहे. आपला लेख आल्यापासून दोन मुलं ते मागायला येऊन गेली. दोघांनाही सांगितलं, आधी आपापल्या गाडीखाली टेप घाला, कुठे लागतंय ते मोजा आणि मग या. एक जण टेप घेऊन गेला आहे. अजून परत आलेला नाही, टेपही नाही.

आपला,
एक आंबा बागायतदार,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी