चि. मृण्मयीस पत्र

सातारा,
१६ नोव्हेंबर २०२५

चि. मृण्मयी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू कर्णधार म्हणून विचारलेस, की सलग दोन सामन्यांत झेल सोडणाऱ्या, तुमच्या संघातल्या यष्टिरक्षक मुलीला येत्या शनिवारी संघाबाहेर बसवावे का, आणि मी काही सांगण्याआधीच तुला सरावाला जावे लागले. तिच्या झेलांपेक्षा तू ओघात सांगितलेली दुसरीच गोष्ट माझ्या मनात राहिली आहे. ती आता मेसमध्ये तुमच्याबरोबर जेवायला बसत नाही, तिच्या खोलीतला दिवा रात्री उशिरापर्यंत जळत असतो आणि विचारले तर ‘मी ठीक आहे’ एवढेच म्हणते.

झेल सुटतात म्हणून तिच्या हातांतच दोष असेल असे नाही. वर्षानुवर्षांच्या सरावाने जी हालचाल आपोआप होऊ लागलेली असते, तिच्यावर भीतीपोटी खेळाडू स्वतःच पहारा ठेवू लागतो. ग्लोव्हज कुठे आहेत, गुडघे किती वाकले आहेत, हा सुटला तर सगळ्या काय म्हणतील, हे तपासण्यात चेंडूकडे जायला हवे ते लक्ष स्वतःकडे वळते. दडपणाखाली खेळ कोसळण्याचे हे एक प्रमुख कारण क्रीडामानसशास्त्र सांगते. अशा वेळी ‘मन खंबीर ठेव’ असे बजावल्याने पहारा आणखी कडक होतो. त्यापेक्षा प्रत्येक चेंडूआधी करायचे एकच छोटे काम तिला स्वतःला ठरवू दे: श्वास सावकाश सोडायचा आणि नजर गोलंदाजाच्या हातावर ठेवायची.

महिला क्रिकेट विश्वचषकाचा ३० ऑक्टोबरचा उपांत्य सामना आपण दोघींनी फोन चालू ठेवून पाहिला. डी. वाय. पाटील स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाने दिलेले ३३९ धावांचे लक्ष्य आपण पाच गडी राखून गाठले आणि जेमिमा रॉड्रिग्ज १२७ धावांवर नाबाद राहिली. त्याच स्पर्धेत इंग्लंडविरुद्ध तिला संघाबाहेर बसवले होते. सामन्यानंतर तिने सगळ्यांसमोर सांगितले, की स्पर्धेच्या सुरुवातीला ती फार अस्वस्थ होती, आईला फोन करून रडत असे आणि संघातल्या अरुंधती रेड्डीसमोर तर जवळजवळ रोज रडली. स्मृती मानधना नेट्समध्ये येऊन फारसे न बोलता नुसती उभी राहत असे, हेही तिने कृतज्ञतेने सांगितले. सांगलीच्या स्मृतीची शतके मला पाठ आहेत, पण ती उपकर्णधार का आहे हे मला त्या रात्री कळले. कोणी काही दाखवले नाही की तिला मनाने कणखर म्हणण्याची आपल्याकडची रीत मला पटत नाही; मला कणखर वाटली ती ‘मला त्रास होतो आहे’ असे सांगू शकणारी जेमिमा, आणि ते तिला जिथे सांगता आले तो संघ.

म्हणून शनिवारी तुमच्या यष्टिरक्षकाला खेळवायचे की बसवायचे, हा निर्णय तू प्रशिक्षकांबरोबर खेळ पाहूनच घे. मात्र बसवायचे ठरले तर यादी फलकावर लागण्याआधी तू स्वतः तिला भेटून कारण सांग, आणि पुन्हा संघात यायला काय लागेल तेही स्पष्ट सांग. झोप आणि जेवण यांचे निरीक्षण याहून वेगळे आहे. ते असेच चालू राहिले तर महाविद्यालयाच्या समुपदेशकांकडे तिच्याबरोबर जा, किंवा ‘टेली मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक तिला दे. तिला बरे करणे हे कर्णधाराचे काम नाही, तसे ओझे तू घेऊही नकोस. पण तिला एकटीने दार ठोठावावे लागू नये, एवढे तुझ्या हातात आहे.

हे लिहिताना मला तुझा तेराव्या वर्षीचा कराडचा सामना सारखा आठवतो. तू शेवटच्या षटकात झेल सोडलास आणि साताऱ्याला घरी पोहोचेपर्यंत मी गाडीत त्याच झेलाविषयी बोलत राहिले. तुझे भले व्हावे म्हणूनच मी बोलत होते, पण त्यानंतर कितीतरी महिने प्रत्येक सामन्यानंतर तू मलाही ‘ठीक आहे’ एवढेच सांगायचीस आणि त्या दोन शब्दांना मी तुझा समजूतदारपणा मानत होते. याबद्दल मी तुझी क्षमा कधी मागितली नव्हती, आज मागते.

शनिवारी मी पहाटेच्या एस.टी.ने पुण्याला येत आहे. निकाल काहीही लागला तरी सामन्याचा विषय तू काढल्याशिवाय मी काढणार नाही. दुपारी तुमच्या मेसमध्येच जेवू, आणि त्या मुलीलाही आपल्याबरोबर जेवायला बोलाव. तिच्यासाठीही तिळाच्या वड्या घेऊन येते.

तुझी,
आई