मनू, अर्ध्यातून मागे फिरशील ना?

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन आपटलास. आपटायला आता रिसीव्हर कुठे असतो म्हणा, पण मला ऐकू आलं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर दोन निळ्या टिका दाखवून गप्प बसली असतीस, म्हणून हे पत्र. बाबा म्हणाला, "लिही, पण तिच्या जूनच्या बेताबद्दल एक अक्षर लिहायचं नाही." नाही लिहिणार. आमच्याबद्दलच लिहिते. "तुम्हाला या वयात ग्रँड कॅन्यनमध्ये उतरायचं हे काय सुचतंय?" असं तू विचारलंस, तेव्हा मला पटकन उत्तर देता आलं नाही.

तू सिअ‍ॅटलला गेलीस त्यानंतर कितीतरी दिवस मला दोघांपुरती डाळ किती लावायची तेच कळेना. बाबा संध्याकाळी गॅरेजमध्ये जाऊन तुझ्या सायकलची चेन पुसत बसायचा. गंजलेली नव्हतीच. सुलूमावशी म्हणाली, क्रूझवर जा, सगळे तेच करतात. बाबाला बुफेच्या रांगेत उभं राहायला पैसे द्यायचे नव्हते, आणि मला त्याच्याशी आठ दिवस पत्ते खेळायचे नव्हते.

मग एक दिवस तोच म्हणाला, आपण इथे अ‍ॅरिझोनात, चँडलरमध्ये इतकी वर्षं राहतो आणि कॅन्यन पाहिलाय कुठे? पाहिला नाही म्हणजे काय! भारतातून कोणीही आलं की आपली ती ठरलेली वारी. पहाटे निघायचं, फ्लॅगस्टाफला कॉफी, मेथर पॉइंटच्या कठड्याला टेकून फोटो, डिकी उघडून दशम्या आणि लसणीची चटणी, अंधार पडायच्या आत परत. ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून जास्त खोल अशी ती घळ, आणि आपण ती दर वेळी पार्किंगपासून चार पावलांवरून बघून यायचो. आजी तेवढी शहाणी. ती म्हणाली होती, "नदी कुठाय? मला खाली नेऊन नदी दाखवा." आपण हसलो होतो.

तर आम्ही हळूहळू खाली सरकलो. पहिल्यांदा विल्यम्सहून जुनी रेल्वे घेतली, १९०१ सालापासूनची. ते काही साहस नव्हे, मान्य. डब्यात एक जण गिटार वाजवत होता आणि बाबा झोपला होता. पुढच्या खेपेला काठाकाठाने जाणाऱ्या हर्मिट रोडवर भाड्याच्या सायकली. मार्च ते नोव्हेंबर तिथे खाजगी गाड्यांना बंदी असते, त्यामुळे रस्ता शांत. मधूनमधून शटल बस येते, तेव्हा मात्र उतरून कडेला उभं राहायचं. मग कोलोरॅडो नदीत, ग्लेन कॅन्यन धरणाच्या पायथ्यापासून लीज फेरीपर्यंत रबरी तराफ्यातून. तिथे पाणी संथ आहे, माझ्या वयाच्या बायका टोप्या सांभाळत बसल्या होत्या. मी पाण्यात पाय सोडला आणि किंचाळले. धरणामागच्या तलावाच्या खोल थरातून पाणी सोडतात, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही ते बर्फासारखं.

आणि मग गेल्या मे महिन्यात खेचरं. तुला आधी सांगितलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस. फँटम रँचला, म्हणजे अगदी तळाशी, जायचं तर पायी, खेचरावरून किंवा नदीतून, चौथा मार्ग नाही. त्यासाठी सव्वा वर्ष आधी सोडतीत नाव टाकावं लागतं. वजन कपड्यांसकट २०० पौंडांच्या आत हवं, म्हणून बाबाने अख्खा पाडवा श्रीखंडाकडे नुसतं बघून काढला. इंग्रजी नीट समजायला हवं अशीही अट आहे. बाबाने विचारलं, "मला की खेचराला?" वाटाड्या हसला नाही.

खेचर कडेकडेनं चालतं, मनू. दरीच्या बाजूने. माझं पाऊल रिकिबीत आणि रिकिबीखाली काहीच नाही. पुढचं खेचर बाबाचं, त्याची पाठ ताठ, मान सरळ, आणि मला ठाऊक होतं की त्याने डोळे मिटलेत. वाटाड्या सारखा ओरडत होता, अंतर ठेवू नका, पुढच्याला धरून राहा, कारण मागे पडलेलं खेचर बाकीच्यांना गाठायला धावतं. तासाभराने भीती गेली आणि मांड्या दुखायला लागल्या.

खाली नदीकाठी काळा खडक आहे, मधून गुलाबी शिरा गेलेला. त्याचं नाव विष्णू शिस्ट, १७० कोटी वर्षांहून जुना. संध्याकाळी मी त्याला हात लावला तर अजून कोमट होता. ही नावं क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाची कृपा. त्याने १८८० च्या सुमारास इथल्या सुळक्यांना विष्णू टेंपल, शिवा टेंपल अशी नावं द्यायला सुरुवात केली, आणि पुढच्यांनी ब्रह्मा, राम, कृष्ण सगळे आणून बसवले. नकाशात मनू टेंपलसुद्धा आहे. बाबाने तो नकाशा तुझ्या खोलीत लावलाय. रात्री जेवायला मला राजम्यासारखी काहीतरी उसळ मिळाली, आणि मी तुला पत्र टाकलं, ते खेचराच्या पाठीवरून वर गेलं. तू फ्रिजवर लावलंस म्हणालीस, पण त्यावरचा शिक्का वाचलास का?

त्या पत्रात जे लिहिलं नाही ते आता लिहिते.

उतरताना वाटेतल्या हवासुपाई गार्डन्स या थांब्याच्या खाली, जिथे वाट सारखी वळसे घेते तिथे, एक मुलगी बसली होती. तुझ्याएवढी. खडकाला टेकून, तोंडावर उन्ह. गालांवर मिठाची पांढरी रेघ. वाटाड्याने खेचरं थांबवून नाव विचारलं. तिने त्याच्याकडे पाहिलं, पण नाव सांगता येईना. शेजारी पाण्याच्या बाटल्या, सगळ्या रिकाम्या, आणि खारवलेल्या शेंगदाण्यांचं पाकीट, न फोडलेलं. पाणी पीत राहिली होती, खाल्लं काहीच नव्हतं. अंगातलं मीठ उतरलं की असं होतं, नुसत्या पाण्याने उलट वाढतं. बरोबरचे मित्र पुढे निघून गेले होते. ती म्हणाली होती म्हणे, "तुम्ही व्हा पुढे, मी येते." वाटाड्याने रेडिओवरून रेंजरला बोलावलं आणि तो येईपर्यंत आम्ही तिच्यावर सावली धरून उभे होतो. रात्री कँटीनमध्ये कळलं की ती ठीक आहे. बाबा जेवला नाही त्या दिवशी.

म्हणून रविवारी माझा आवाज चढला. तू जूनमध्ये ऑफिसच्या मुलांबरोबर साउथ कायबॅबच्या वाटेने नदीपर्यंत उतरून ब्राइट एंजलच्या वाटेने वर येणार, एका दिवसात, असं सांगितलंस, आणि मला ती शेंगदाण्यांची पुडी दिसली.

बघ, लिहिणार नव्हते ना.

तर आता लिहितेच. आपले गड आठव. आधी चढ, मग उतार. दम संपला की तिथूनच मागे वळायचं, घर उताराच्या बाजूला असतं. इथे सगळं उलटं आहे. सकाळी काठावर गार वारा, पाय आपोआप पळतात, जवळजवळ ४,८०० फूट उतरून गेलीस तरी वाटतं काहीच नाही केलं. आणि मग भर दुपारी, तळाशी ४० च्या वर पारा असताना, खरं काम सुरू. उतरायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट चढायला धर. साउथ कायबॅबवर पाण्याचा थेंब नाही. पार्कवाले स्वतः पाट्या लावून सांगतात की एका दिवसात नदीपर्यंत जाऊन यायचा प्रयत्न करू नका, मे ते सप्टेंबरमध्ये तर मुळीच नाही. सकाळी दहा ते दुपारी चार चढावर चालायचं नाही. सावलीत बसायचं, शर्ट ओला करायचा, खारं खायचं. तहान नसली तरी खायचं. आणि ज्याला मळमळतंय त्याला एकटं सोडून पुढे जायचं नाही, मग ती व्यक्ती कितीही म्हणो, "तुम्ही व्हा पुढे." विशेषतः ती व्यक्ती तू असशील तर.

झालं, लेक्चर झालं. माफ कर. तू भट्टीतले प्रयोग करतेस, तुला मी ऊन काय शिकवणार.

पण मला ऊन नाही गं घाबरवत. तू रतनगडाच्या शिडीवर मधेच थांबली होतीस ते तुला आठवतं का? खाली मामा, वर बाबा, मागे लोकांची रांग, हात थरथरत होते, आणि मामा म्हणत होता उतर, तर तू ओठ दाबून एकेक पायरी वरच चढत राहिलीस. वर पोचल्यावर उलटी केलीस आणि म्हणालीस, "बघितलं?" मामाने ती गोष्ट अख्ख्या नाशकात सांगितली. मीही सांगितली, अजून सांगते. पहिली नोकरी गेली तेव्हाही तू तशीच. घरी ये म्हटलं तर आली नाहीस, त्या तळघरातल्या खोलीत राहिलीस आणि काय खात होतीस देव जाणे, पण उभी राहिलीस. तुझ्या बाबाला याचा इतका अभिमान आहे की तो तुझ्यासमोर त्याबद्दल बोलतच नाही. मला अभिमान आहेच, पण मी रात्री जागी असते. कारण तुला चढता येतं, पुढे जाता येतं, सगळं येतं, पण तू कधी कुठून अर्ध्यावरून परत आलेली मला माहीत नाही.

साउथ कायबॅबवरच्या सीडर रिजपर्यंत जा. काठापासून जेमतेम दीड मैल, सकाळी लवकर, आणि तिथून कॅन्यन असा उघडतो की खाली जायची गरज उरत नाही. (उरते. मला माहितीये.) किंवा ऑक्टोबरपर्यंत थांब.

तू लगेच पॉवेलचं काढशील, म्हणून आधीच सांगते. हो, १८६९ मध्ये एका हाताचा तो पॉवेल नावा घेऊन पहिल्यांदा या नदीतून गेला, आणि ज्या तिघांनी शेवटाकडच्या एका धारेपाशी भिऊन नावा सोडल्या आणि वर चढून गेले, ते परत कोणाला दिसले नाहीत. नावेत राहिलेले दोन दिवसांत सुखरूप बाहेर पडले. बाबाने ही गोष्ट मला मोठ्या खुशीत वाचून दाखवली, तुझ्या बाजूने. मी त्याला म्हटलं, ते तिघे चढूनच गेले होते ना, उन्हात?

आणि हो, पुढच्या वर्षी आम्ही तीच नदी करतोय. मोटरचा मोठा तराफा, लीज फेरीपासून पार खालपर्यंत, म्हणजे बाबाच्या गुडघ्याला चढायचं काम नाही. लाव्हा फॉल्सची खवळलेली धार मध्ये येते. लोक म्हणतात तिथे दोर धरून बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं, मला दुसरं जास्त अवघड जाईल. तू ओरडशील म्हणून पैसे आधी भरले.

मेतकूट, लिमलेटच्या गोळ्या, मिठाच्या पुड्या वेगळ्या पार्सलने पाठवल्यात. बाबाने त्यात शिट्टी घातलीय. हसू नकोस, आणि गळ्यात घाल, बॅगेत नको. तुझ्याबरोबरच्या त्या मुलांपैकी कोण मागे फिरायला तयार होईल, त्याचं नाव मला कळव. त्याला मी चिवडा पाठवते.

आई

ता. क. तराफ्याच्या फॉर्मवर अडीअडचणीला कोणाला फोन करायचा त्या रकान्यात तुझं नाव घातलंय. नंबर तोच आहे ना? आणि उचलशील ना?