सूचना : चेवनिंगचा अर्ज भरणाऱ्यांसाठी रविवारची बैठक

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी सकाळी १० वाजता धरमपेठेतल्या आपल्या नेहमीच्या खोलीत बसू. गेल्या वर्षी ब्रिटनमध्ये एक वर्षाची मास्टर्स करून आलेली आपली एक सदस्य बोलणार आहे. तर्री-पोहे आहेतच, पण त्यासाठी उशिरा येऊ नका.

चेवनिंग ही ब्रिटिश सरकारची शिष्यवृत्ती १९८३ पासून सुरू आहे. पदवीनंतर किमान २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. नुकतेच पास झालेल्यांनी घाई करू नये. अर्जात तीन अभ्यासक्रम निवडावे लागतात, पण विद्यापीठात प्रवेशाचा अर्ज वेगळा करायचा असतो. दरवर्षी कोणी ना कोणी इथेच फसतं! शिवाय वर्ष संपल्यावर मायदेशी परतून दोन वर्षं राहायची अट आहे. घरच्यांना हे आधीच सांगा, आईची अर्धी काळजी तिथेच मिटते.

अर्ज साधारण ऑगस्टमध्ये सुरू होऊन ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंद होतात. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टसाठी (म्हणजे सगळ्या गुणांच्या अधिकृत नोंदीसाठी) आणि पासपोर्टसाठी आत्ताच धावपळ करा. व्हिसासाठी क्षयरोगाची तपासणीही लागते, तिचा दाखला सहाच महिने चालतो, म्हणून ती मात्र लवकर उरकू नका.

येताना अर्जातल्या निबंधाचा कच्चा मसुदा आणा, कितीही ओबडधोबड असला तरी चालेल. आणि हो, लंडनला डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो. आपल्या मे महिन्यातल्या उन्हाला शिव्या घालणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा, पोहे त्या हिशेबाने सांगायचे आहेत.