काळ्या पट्टीखाली आकडे तसेच राहतात

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला ऑफिसातल्या फुकट पीडीएफ साधनांवरचा लेख काल लोकलमध्ये वाचला आणि अजून राग गेलेला नाही. नऊ वेबसाइट, प्रत्येकीपुढे तारे, आणि सगळीकडे एकच सूचना: फाइल अपलोड करा. ती फाइल कुणाची, तिच्यात कुणाचे नंबर आहेत, हे लेखात एकदाही विचारलेलं नाही.

मी मरोळला हाउसकीपिंगची माणसं पुरवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे बिलिंग बघते. दर महिन्याला बिलाबरोबर पगारपत्रक, पीएफचं चलन, ईएसआयचं चलन हे सगळं एका पीडीएफमध्ये जोडून पाठवावं लागतं. गेल्या वर्षी जूनमध्ये एका क्लायंटने कळवलं, कामगारांच्या बँक खात्यांचे नंबर झाकून पाठवा. मागणी रास्त होती. मी लेखातल्यासारख्याच एका फुकट वेबसाइटवर ४२ जणांचं पत्रक चढवलं, नंबरांवर काळ्या पट्ट्या ओढल्या, फाइल उतरवून घेतली आणि मेल केली. दुसऱ्या दिवशी तिथल्या अकाउंट्समधल्या मुलाचा फोन आला. त्याने पट्टीवरून माउस फिरवून कॉपी केलं, नोटपॅडमध्ये पेस्ट केलं, आणि सगळे नंबर जसेच्या तसे समोर आले. पीडीएफमध्ये पट्टी नुसती वर बसते, खालची अक्षरं फाइलमध्ये तशीच असतात. मला हे ठाऊक नव्हतं. त्या वेबसाइटवरही कुठे लिहिलेलं नव्हतं.

बिल परत आलं. नवीन पत्रक, पुन्हा सह्या, पुन्हा मंजुरी, आणि पैसे ११ दिवस उशिरा. आमच्याकडे क्लायंटचे पैसे आल्याशिवाय पगार होत नाहीत. असं असू नये, पण आहे. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. ‘ताई, आज तरी होईल ना?’ असं विचारत बायका दाराशी उभ्या राहायच्या आणि त्यांच्याकडे मान वर करून बघायची माझी हिंमत होत नव्हती. शिवाय ते ४२ नंबर त्या परक्या सर्व्हरवर गेले ते गेलेच. काही तासांत फाइल पुसतो असं अशा वेबसाइट सांगतात. पुसतही असतील. मी जाऊन बघू शकत नाही.

आमच्या शेजारच्या गाळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुलगा बसतो. त्याने नंतर दहा मिनिटांत दाखवलं की हे काम फुकटात आणि आपल्याच कॉम्प्युटरवर होतं. लिब्रेऑफिस या ऑफिसकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये पीडीएफ उघडायची आणि टूल्समधलं ‘रिडॅक्ट’, म्हणजे मजकूर झाकायची सोय, वापरायचं. ते पानाचं चित्रच करून टाकतं, त्यामुळे तिथून एक्स्पोर्ट केलेल्या फाइलमध्ये पट्टीखाली कॉपी करायला काही उरत नाही. ही सोय २०१९ पासून आहे. तुमच्या लेखकाला ती सापडू नये? चलनं जोडायला मी आता पीडीएफसॅम बेसिक वापरते, तेही फुकट, त्याला इंटरनेट लागत नाही. फॉर्मवर नाव-तारीख टाइप करायला फायरफॉक्स ब्राउझर पुरतो. एक अडचण मात्र खरी आहे: मराठी पत्राची पीडीएफ लिब्रेऑफिसमध्ये उघडून दुरुस्त करायला गेलं की जोडाक्षरं विस्कटतात. त्याला उपाय म्हणजे तिथूनच पीडीएफ करताना ‘हायब्रिड’वर खूण करायची. मूळ फाइल पीडीएफच्या पोटात राहते आणि पुढे तीच उघडून बदलता येते.

सगळ्यात जास्त चीड आली ती पीडीएफचा पासवर्ड वेबसाइटवरून काढण्याच्या लेखातल्या सल्ल्याची. आमच्या ऑफिसात पासवर्डवाली पीडीएफ येते ती बहुतेक वेळा ई-आधारची, म्हणजे डाउनलोड केलेल्या आधार कार्डाची. तिचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. फाइल आणि पासवर्ड दोन्ही अनोळखी वेबसाइटला द्या, असं आपण वाचकांना कसं सांगता? ब्राउझरमध्ये पासवर्ड टाकून उघडा, प्रिंटमध्ये जाऊन पुन्हा पीडीएफ म्हणून सेव्ह करा, झालं काम. आणि चालण्यासारखं असेल तिथे शेवटचे चारच अंक दाखवणारं मास्क्ड आधार मागा. आमच्या ऑफिसात आता तेच मागतो.

आणखी एक सांगते, विषय निघालाच आहे म्हणून. आपला लेख दाखवायला मी तुमच्या ई-पेपरच्या पीडीएफमधून चार ओळी कॉपी केल्या, तर मराठीच्या जागी भलतीच रोमन अक्षरं आणि चिन्हं उमटली. युनिकोड म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरला मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळावं अशी पद्धत; ती नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये पान लावलं की असं होतं. माझ्या मामांना दिसत नाही. त्यांच्या फोनवर मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे, त्याला इतर मराठी मजकूर वाचता येतो. तुमचा पेपर वाचता येत नाही. मामा तुमचे ३० वर्षांचे वाचक आहेत, आणि रोज सकाळी कुणीतरी शेजारी येऊन बसेपर्यंत त्यांना थांबावं लागतं.

आपली,
एक वाचक, जोगेश्वरी (पूर्व)